मोठ्या वळणाचा बाहेरचा रूळ

माझे साडू रेल्वेत मुकादम होते असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठी रेल्वे उभी राहते. आमची रेल्वे तशी नाही. ती नॅरोगेजची. पायथ्याच्या गावातून निघायची आणि डोंगराला वळसे घालत वरच्या गावाला जायची. चढाला तिचा वेग असा की डब्यातून उतरून, वाटेत भेटलेल्या ओळखीच्या माणसाची विचारपूस करून पुन्हा त्याच डब्यात बसता येई. मी त्याच रेल्वेच्या सामानकोठारात हेडक्लार्क आहे. बी.कॉम. झाल्यावर लागलो, तो आता निवृत्तीला आलो. साडूंचा जन्म रुळावर गेला आणि माझा रुळांच्या नोंदी ठेवण्यात. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यांची थोरली, माझी धाकटी. त्यामुळे कचेरीत मी त्यांचा साहेब असलो, तरी घरी गेल्यावर चांगली खुर्ची त्यांची आणि स्टूल माझं.

गँगमधली माणसं त्यांना शेजारबुवा म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, नंतर तोंडावर. नावाला कारण होतं. रूळ पोलादाचा असला तरी झिजतो, आणि सगळीकडे सारखा झिजत नाही. दोन रुळांची टोकं जिथे मिळतात त्याला सांधा म्हणतात. त्या सांध्यावरून वर्षानुवर्षं तीच चाकं जातात, त्यामुळे दोन्ही टोकं एकमेकांच्या बरोबरीने झिजतात. एक दबलं की दुसरंही तेवढंच दबतं. असे जुने रूळ उपटून पुन्हा घालायचे असतील, तर प्रत्येक टोकाला त्याचं जुनं शेजारचं टोकच मिळालं पाहिजे. नाहीतर एक उंच, एक खाली, आणि चाक दर वेळी उंबऱ्याला ठेचकाळल्यासारखं आदळतं. म्हणून रूळ काढताना साडू प्रत्येकाच्या पोटावर पांढऱ्या रंगाने आकडा घालत आणि ओरडून सांगत, "शेजार मोडायचा नाही." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं होतं की डबा खायला बसताना गँगमधला एखादा मुद्दाम दुसऱ्याच्या जागेवर बसे आणि बाकीचे एका सुरात तेच म्हणत.

घरीही तोच प्रकार. फडताळातले कप कोणी मागेपुढे केलेले त्यांना चालत नसत. माझी मेव्हणी म्हणायची, यांच्या दोन चपलांचीसुद्धा एकमेकींशी ओळख असते, यांनी मला ओळखावं म्हणून मात्र अजून बाजारात हाक मारावी लागते.

एका वर्षी डोंगराचा कडा खाली आला आणि मधला रूळमार्ग गाडला गेला. तेव्हापासून रेल्वे बंद पडली ती पडलीच. गवत रुळांच्या वर गेलं. गँग विखुरली. साडूंना माझ्या कोठारावर राखणीला बसवलं. तो काळ त्यांना जड गेला. मोकळ्या हातांना काम म्हणून ते बादलीभर जुने बोल्ट घेऊन बसत, तेलाने पुसत, आटे तपासत आणि पुन्हा बादलीत टाकत. मी एकदा विचारलं, हे कोणासाठी? ते म्हणाले, बोल्टांसाठी.

मग रेल्वेच्या वरिष्ठांना जाग आली. एवढी जुनी रेल्वे पुन्हा चालवली तर माणसं हौसेने बसायला येतील, असं ठरलं. मात्र अट अशी की जुना माल जितका वापरता येईल तितका परत घालायचा, कारण लोक येणार ते जुनं बघायला. साडू तोवर निवृत्त झाले होते. त्यांना मुदतीवर परत बोलावलं, मुकादम म्हणूनच. त्यांनी जुन्या गँगमधली माणसं घरोघरी जाऊन गोळा केली. त्यांत ताड्या पहिला. ताड्या म्हणजे ताडासारखा उंच, चाळिशी ओलांडलेला, साडूंच्या हाताखालीच काम शिकलेला आणि त्यांच्यापुढे कधीही उलट शब्द न काढणारा माणूस.

ते दिवस बघण्यासारखे होते. कोठाराच्या आवारात जुन्या मालाचे ढीग लागले. लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखालचा आडवा ओंडका, एका बाजूने कुजलेला असला, तर तो उलटा करून चांगली बाजू वर घेत. खिळ्यांची जुनी भोकं लाकडी खुंट्या ठोकून बुजवत आणि शेजारी नवी भोकं पाडत. अगदीच गेलेल्या स्लीपरचा चांगला अर्धा कापून स्टेशनवरच्या बाकांना वापरला. दोन रुळांना बाजूने जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे फिशप्लेटा, घासून, ठोकून, आकारावारी लावल्या. आयुष्यभर मी नोंदीत दोनच खाती बघितली होती, नवा माल आणि भंगार. या लोकांनी तिसरं खातं उघडायला लावलं.

आता मोठ्या वळणाबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं.

वरच्या गावाच्या अलीकडे गाडी डोंगराला जवळजवळ पूर्ण वळसा घालते. वळणावर चाकं बाहेरच्या रुळावर रेलतात आणि त्या रुळाची आतली कड खातात. तिथल्या बाहेरच्या रुळाची आतली कड अशी झिजली होती की बोट फिरवलं तर धार लागावी. बाहेरची कड मात्र कोरी, जशी कारखान्यातून आली तशी. इंजिनीअर बाई नव्याने आलेल्या होत्या, कामाला चोख आणि बोलायला मोजक्या. त्यांच्या वरिष्ठांचं म्हणणं होतं की एका बंद पडलेल्या कारखान्याच्या साइडिंगचे, म्हणजे आवारातल्या फाट्याचे, रूळ तयार पडलेत, ते आणून घाला आणि वळणाचे भंगारात काढा. साडूंनी बाईंना वळणावर नेलं, कड दाखवली आणि म्हणाले, प्रत्येक रूळ फिरवून घातला, इकडचं टोक तिकडे, की कोरी कड आत येते. अजून एक आयुष्य निघेल. बाईंनी मोजमाप केलं, वरिष्ठांशी वाद घातला आणि परवानगी आणली. चाचणीची गाडी ठरावीक दिवशी नीट गेली तर हे रूळ राहतील, नाहीतर कारखान्याचे येतील. साडूंना त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही शब्द देता?" साडूंनी दिला.

काम सोपं नव्हतं. वळणाचा रूळ बाक दिलेला असतो. फिरवला की बाक उलटा येतो. म्हणून एकेक रूळ शिकंज्यात धरून आधी सरळ करायचा, मग दुसऱ्या बाजूला वाकवायचा. त्यात आठवड्यांमागून आठवडे गेले. साडूंनी सवयीप्रमाणे काढतानाच आकडे घातले होते. घालायला सुरुवात झाली ती खालच्या टोकाकडून. एक नंबर फिरवला, घातला. दोन नंबर फिरवला, त्याच्या पुढे घातला. असं शेवटपर्यंत. आकडे ओळीने लागलेले पाहून साडूंनी हात झटकले आणि म्हणाले, शेजार जसाच्या तसा.

सांधे थोडे खाली-वर वाटत होते. अंगठ्याला पायरी लागत होती. जुन्या रुळांना एवढं चालायचंच, खालची खडी नीट ठोकून बसवली की सपाट होईल, असं त्यांनी धरलं. गँगने खडी ठोकली. पुन्हा ठोकली.

चाचणीच्या आधीच्या शनिवारी सकाळी साडूंनी हातट्रॉली वळणावरून नेली. मीही होतो, स्लीपरांची तपासणी करायला, आणि ट्रॉली ढकलायला गँगमधली दोनतीन माणसं. ट्रॉली प्रत्येक सांध्यावर आदळत होती. माझे दात वाजले तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते खाली उतरले होते. ते रुळाशेजारी पालथे पडले, गाल स्लीपरवर टेकवून एक डोळा मिटून रुळाच्या माथ्यावरून बघू लागले. बराच वेळ बघत राहिले. मग उठून एका सांध्याशी गेले. वळणावर फार पूर्वी एक सांधा खचला होता आणि तिथे दोन्ही टोकांवर मिळून एक खळगा पडला होता. सगळ्या गँगला तो ठाऊक होता. आता अर्धा खळगा या सांध्यावर होता, समोर उंच कोरं टोक. उरलेला अर्धा शोधत ते चालत गेले. मधे एक सांधा लागला, त्यात तो नव्हता. त्याच्या पुढच्या सांध्यावर सापडला. दोन अर्ध्यांच्या मध्ये दोन अख्खे रूळ येऊन पडले होते. ते तिथेच उकिडवे बसले. मला काही कळलं नाही. मी विचारलं, खडी कमी पडली का? ते म्हणाले, "नाही साडू. अक्कल."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी आणि माझी बायको त्यांच्या घरी गेलो. मेव्हणी घरी शिवणकाम करते. खिडकीशी तिचं मशीन, त्यावर कोणाचा तरी शर्ट, झिजलेली कॉलर उसवून उलटी लावायचं काम चाललेलं. साडूंनी जमिनीवर कापडाच्या पट्ट्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर खडूने आकडा. मला बसवून त्यांनी पट्ट्यांना पट्ट्या लावून दाखवलं. एकचं पुढचं टोक दोनच्या मागच्या टोकाशेजारी झिजलेलं. प्रत्येक पट्टी जागच्या जागी फिरवली, तर एकचं पुढचं टोक मागे जातं आणि दोनसमोर नको ते टोक येतं. आकडे ओळीने राहतात, शेजार एकूणएक मोडतो. शेजार राखायचा तर पट्ट्या फिरवल्यावर ओळही उलटी घालायला हवी होती. शेवटची पट्टी पहिली, पहिली शेवटची.

ते म्हणाले, "रूळ फिरवणं बरोबर. आकड्याने लावणं बरोबर. दोन्ही एकत्र केलं, तेच चुकलं. आणि दोन्ही मीच सांगितलेलं."

मेव्हणीने मशीन न थांबवता म्हटलं, "जन्मभर आम्हाला सांगितलंत, शेजार मोडू नका. स्वतः अख्खी आळी उलटीपालटी करून ठेवलीत."

माझ्या बायकोला हसू आवरलं नाही. साडूही क्षणभर हसले. मग कोणी हसलं नाही, कारण दारात वेल्डर उभा होता. गँगचाच माणूस. शनिवारी साडूंचा चेहरा त्यानेही बघितला होता आणि सांध्यांवर अंगठा फिरवून तोही काय ते समजला होता. त्याने उपाय आणला होता. उंच टोकं घासून टाकायची, खालच्या टोकांवर वेल्डिंगचा थर चढवायचा. चाचणीपुरतं गुळगुळीत होईल. कोणाला सांगायचं कारण नाही. त्याचं म्हणणं वाईट हेतूचं नव्हतं. चाचणी फसली तर रूळ जातील, आणि रूळ गेले की या गँगची गरज कोणाला, असा त्याचा सरळ विचार होता.

साडूंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, किती दिवस टिकेल? वेल्डर म्हणाला, एखादं वर्ष. मग टोकं फुटू लागतील. तोवर बघू.

त्या क्षणी मला त्यांची अडचण पूर्ण कळली. गप्प बसावं तर चाचणी पार पडते, पण वर्षभरात रूळ जातात. बाईंना सांगावं तर त्या आजच कारखान्याचे रूळ मागवू शकतात. दिलेला शब्द मोडल्यावर त्यांनी दुसरं काय करावं? साडूंनी मला विचारलं, एकदा भंगारात लिहिलेला माल परत मिळतो का? मी म्हटलं, लिहिला की त्याच आठवड्यात गाडी येऊन उचलून नेते. मग नाही.

मेव्हणीने शर्ट मशीनवरून काढला. ती म्हणाली, "अहो, घासून टाकलेत आणि वर्षाने फुटले, तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, जुने रूळ होते, व्हायचंच."

"म्हणजे चूक तुमची आणि नाव रुळांचं."

वेल्डर पाणी पिऊन गेला. जाताना म्हणाला, मुकादम, विचार करा, मी मशीन तयार ठेवतो. साडूंनी खडूचे आकडे पुसून पट्ट्यांची घडी केली आणि मेव्हणीच्या टोपलीत ठेवली. संध्याकाळचा चहा झाला तरी त्यांनी काय ठरवलं ते सांगितलं नाही. माझी बायको परतताना म्हणाली, भाऊजी सांगतील. मी म्हटलं, सांगितलं तर मुकादमी जाईल. ती म्हणाली, म्हणून तर काय ठरवलं ते बोलले नाहीत.

सोमवारी सकाळी ते इंजिनीअर बाईंच्या खोलीत गेले. मला बरोबर घेतलं, कारण रुळांचा ताबा कोठाराकडे होता. उभ्यानेच सांगितलं. काय केलं, का केलं, आता काय होईल. वेल्डरचं नाव घेतलं नाही, पण टोकं घासून लपवता आली असती हेही सांगितलं. बाई ऐकताना समोरच्या कागदावर दोन रेघा काढत होत्या, बाण फिरवून बघत होत्या. त्यांनाही वेळ लागला.

"हे मीही पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "आकडे ओळीने दिसले आणि मी पुढे गेले." मग विचारलं, "तुमच्या लक्षात आलं नसतं तर?"

"गाडीच्या लक्षात आलं असतं, बाई."

किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. रूळ आता नव्या बाजूला वाकवलेलेच होते, पुन्हा वाकवायची गरज नव्हती. फक्त काढायचे आणि उलट्या ओळीने घालायचे. तरी चाचणी पुढे ढकलावी लागणार होती. बाई शेजारच्या खोलीत जाऊन वरिष्ठांशी फोनवर बोलल्या. दार बंद असूनही त्यांचं म्हणणं मधूनमधून ऐकू येत होतं, समोरच्याचं मात्र नाही. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. चाचणी एकदाच पुढे जाईल. त्या दिवशी वळण तयार नसलं, किंवा तयार असून बरोबर नसलं, तर हे रूळ भंगारात. आणि काम दुसऱ्या मुकादमाच्या नावावर होईल. ज्याच्या हातून चूक झाली त्याच्या सहीने दुरुस्ती घ्यायची नाही, असा वरून हुकूम होता.

साडूंनी मान हलवली. ताड्याला करा, म्हणाले. मग विचारलं, मी गँगमध्ये राहू शकतो का, साधा माणूस म्हणून?

बाई म्हणाल्या, "राहा. पण तुम्ही मध्ये बोलाल."

"नाही बोलणार."

बाहेर ताड्याला हे कळलं तेव्हा तो आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, बुवा, न बोलणं तुम्हाला जमलं तर या डोंगरावरचा तो पहिला चमत्कार. पण त्याच्या आवाजात गंमत नव्हती. गँगमध्ये कुरकूर झाली. एवढ्या कष्टाने घातलेलं काढायचं, तेही ज्याने घालायला सांगितलं त्याच्यासमोर. एकजण म्हणाला, शेजारबुवा, आता आमच्या आळीतली घरंही फिरवून बघा. साडू पहार खांद्यावर घेऊन ऐकत राहिले. चूक माझी, कष्ट तुमचे, एवढंच म्हणाले.

पहिल्या सकाळी ताड्याच्या तोंडून हुकूम निघेना. "बुवा, जरा... ती पहार... म्हणजे तुम्ही..." असं त्याचं चाललं होतं. साडू स्वतःच रुळाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले, जिथे नवा माणूस उभा राहतो तिथे. मग ताड्याचा आवाज मोकळा झाला. त्याने काम वरच्या टोकाकडून सुरू केलं. साडू असते तर खालून केलं असतं, त्यांनी मला तसं घरी सांगितलंही. पण वळणावर गप्प राहिले. वरून सुरू केल्याने काही बिघडलं नाही. उतारावर रूळ सरकवायला उलट सोपं गेलं. साडूंना ते मान्य करायला दोन दिवस लागले आणि मान्य केलं तेही मेव्हणीजवळ, माझ्याजवळ नाही.

एकदाच त्यांची परीक्षा झाली. दुपारचे सगळे दमलेले, आणि ताड्याने एका जागी चुकीचा आकडा पुकारला. रूळ उचलला गेला. साडूंच्या हातात त्याचं टोक होतं. मी छत्री घेऊन बाजूला उभा होतो आणि त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचे ओठ हलले. ते बोलले नाहीत, पण पुढेही सरकले नाहीत. त्यांच्या बाजूचं टोक जागचं हलेना, तेव्हा ताड्याने वळून पाहिलं, रुळाच्या पोटावरचा आकडा वाचला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. "खाली ठेवा," तो म्हणाला. गँग हसली, ताड्याही हसला. साडूंनी रूळ ठेवला आणि घाम पुसला.

शेवटचा सांधा आवळला त्या संध्याकाळी साडू पुन्हा स्लीपरवर गाल टेकवून पालथे पडले. त्यांच्यामागून ताड्याही पडला, पाय मागच्या तीन स्लीपरांवर पसरून. खचलेल्या सांध्याचे दोन्ही अर्धे पुन्हा समोरासमोर आले होते.

चाचणीच्या दिवशी मी दुसऱ्या डब्यात होतो. बाई पहिल्या डब्यात, त्यांच्यासोबत वरिष्ठांनी पाठवलेले दोघे. मोठ्या वळणावर गाडी शिरली तसा मी सवयीने दात घट्ट मिटले. चाकं सांध्यांवरून जात होती, आवाज येत होता, पण तो नुसता आवाज होता, धक्का नव्हता. खचलेल्या सांध्यावर डबा किंचित वाकला आणि सरळ झाला, वर्षांपूर्वी वाकायचा तसाच. गाडी थांबवून वरचे दोघे उतरले, मोजपट्ट्या लावल्या, आपसात बोलले. बाईंनी खाली वाकून एका सांध्यावर अंगठा फिरवला, मग शेजारच्यावर, मग त्याच्या पुढच्यावर. परत आल्यावर त्यांनी ताड्याच्या हातात कागद दिला. वळण मंजूर झालं होतं. रूळ राहणार होते.

गँग कठड्याला टेकून रांगेत उभी होती. साडू त्या रांगेच्या शेवटी होते. वरून आलेल्यांपैकी एकाने ताड्याचं अभिनंदन केलं. ताड्या काहीतरी सांगायला वळला, पण साडूंनी त्याच्याकडे बघितलं आणि मानेने नाही म्हटलं. बाई जाताना रांगेच्या शेवटाशी थांबल्या. पाच-दहा शब्द बोलल्या असतील. काय बोलल्या ते साडूंनी कधी सांगितलं नाही, आणि मेव्हणीनेही विचारलं नाही, असं ती म्हणते.

मुकादमी परत मिळाली नाही. तशी कोणी मागितलीही नाही. माझ्या बायकोने एकदा विषय काढला, तर साडू म्हणाले, ताड्याचा आवाज वळणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो, माझा आता अर्ध्यात थकतो. हे खरंही होतं आणि सगळं खरं नव्हतं, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

पुढच्या आठवड्यात खालच्या वळणाचं काम निघालं. सकाळी गँग हत्यारं न्यायला कोठाराच्या खिडकीशी आली. हत्यारं नेताना मुकादमाची सही लागते; मोठ्या वळणाची हत्यारं शेवटपर्यंत साडूंच्या आधीच्या सहीवरच होती. मी वही पुढे सरकवली. साडू सगळ्यांत पुढे होते, त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं आणि मग हात थांबला. त्यांनी पेन मागे ताड्याकडे दिलं. ताड्याला सही कुठे करायची ते माहीत नव्हतं. साडूंनी बोट ठेवून जागा दाखवली, एक पहार खांद्यावर टाकली आणि गँगच्या मागे चालू लागले.